शुश्रूषा करणारांचे दुःख

आमच्या ग्रामीण मंडळ्यांत पुष्कळ घरे अशी आहेत की त्यांतील कोणी ना कोणी आजाऱ्यांच्या सेवेत आहे. कोणाची लेक जिल्ह्याच्या इस्पितळात परिचारिका आहे, कोणाची सून गावची आशाताई आहे, कोणाचा भाऊ रुग्णवाहिका चालवतो, तर कोणाचा मुलगा शवागारात काम करतो. त्यांचा पगार, त्यांची बदली, त्यांची रात्रपाळी यांविषयी आपण चौकशी करतो. परंतु ज्या हातांनी काल रात्री एका मुलाचे डोळे मिटले, ते हात आज सकाळी भाकर कशी मोडत असतील, असा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला आहे? या पाठात त्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. आजाऱ्याचे दुःख हलके करणारे लोक आपले स्वतःचे दुःख कोठे ठेवतात, ते साठून राहिले तर काय होते, आणि ते वाहण्यास त्यांस कोणाचे व कसे साहाय्य होऊ शकते, हे आपण क्रमाने पाहू.

प्रथम आमची स्वतःची एक चूक वाचकांपुढे ठेवणे आम्हांस प्राप्त आहे.

१. आमची चूक

सन २०२१ च्या एप्रिल व मे महिन्यांत कोरोनाची दुसरी लाट आली, तेव्हा आमच्या मंडळीतील एक परिचारिका शहरातील एका इस्पितळात कामावर होती. तीन आठवड्यांनंतर ती दोन दिवसांच्या रजेवर घरी आली. ती धड जेवेना, धड बोलेना. रात्री एकटीच अंगणात बसून राही. तिच्या आईने आम्हांस बोलावणे पाठवले. त्या दिवसांत आम्हीही थकलेले होतो. ज्या दफनविधीस एरवी सारे गाव लोटले असते, तेथे चार-पाच माणसांसमवेत उभे राहून आम्ही परत येत होतो. आम्ही तिच्या ओसरीवर बसलो आणि म्हणालो, "बाई, देवाने तुला या कामासाठी निवडले आहे. तूच खचलीस तर आजाऱ्यांनी कोणाकडे पाहावे? धीर धर." मग आम्ही प्रार्थना केली, चहा घेतला आणि निघालो. ती "होय, पाळकसाहेब" इतकेच म्हणाली. आपण आपले कर्तव्य केले, असे आम्हांस वाटले.

सुमारे आठ महिन्यांनी तिने नोकरी सोडण्याचा निश्चय केला आणि ती आपण होऊन आमच्याकडे आली. ती म्हणाली, "पाळकसाहेब, राग मानू नका. तुम्ही त्या दिवशी मला धीर धर म्हणालात. मी धीरच तर धरून बसले होते. तो खाली ठेवायला मला जागा नव्हती. कोण गेलं, एवढं तरी तुम्ही मला विचारायला हवं होतं."

तेव्हा आम्ही विचारले. तिने सांगितले की, एका म्हाताऱ्या आजीच्या कानाशी तिने फोन धरला होता. पलीकडून आजीचा नातू बोलत होता. आजीचा श्वास थांबला, तरी नातू बोलतच राहिला. आणि फोन कधी काढून घ्यावा हे तिला कळेना. इतक्यात पलीकडच्या खाटेवरून हाक आली. ती गेली. त्या रात्रीविषयी ती कोणापाशी एक शब्दही बोलली नव्हती. आजीचे संपूर्ण नाव मात्र तिला पाठ होते.

हे आम्ही तिच्या संमतीने लिहीत आहोत. नाव व गाव जाणूनबुजून लिहिले नाही. आमच्या हातून जी चूक झाली, ती इतर पाळकांच्या, आईबापांच्या व पतींच्या हातून होऊ नये, एवढाच ती सांगण्याचा हेतू आहे.

२. हे ओझे कशाचे असते?

शुश्रूषा करणाराच्या मनावर जे ओझे असते ते एकाच प्रकारचे नसते. त्यात निदान तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: श्रम, शोक आणि बोचणी. त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण तिघींवरचे उपाय निराळे आहेत.

श्रम तर सर्वांच्या परिचयाचा आहे. बारा-बारा तासांची पाळी, मोडलेली झोप, अपुरे मनुष्यबळ आणि नातेवाइकांचा राग, यांनी शरीर व मन दोन्ही झिजतात. न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी सन १९७४ मध्ये या झिजेचे वर्णन केले आणि तिला इंग्रजीत 'बर्नआउट' हे नाव रूढ झाले. आपण तिला मनाचे कोळपणे म्हणू. पाऊस न झाल्याने उभे पीक कोळपते, तसे हे होय. जागतिक आरोग्य संघटनेने सन २०१९ मध्ये तिची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपून जाणे, कामापासून मन दूर होणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि हातचे काम पूर्वीसारखे न होणे. संघटनेने हेही स्पष्ट केले की हा रोग नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट न हाताळला गेल्याचा हा परिणाम होय. हा भेद महत्त्वाचा आहे. कोळपलेल्या पिकास दोष देऊन काय उपयोग? पाणी कोठे अडले ते पाहिले पाहिजे.

शोक ही याहून निराळी गोष्ट आहे. विश्रांतीने श्रम जातो. शोक केवळ झोपेने जात नाही. शिवाय शुश्रूषा करणाराच्या शोकास जगात मान्यता नाही. घरचे माणूस गेले तर शेजारी जमतात, चूल बंद राहते, दहा जण येऊन बसतात. परंतु महिनाभर ज्याची सेवा केली तो रुग्ण गेला, तर परिचारिकेकडे कोणी समाचारास येत नाही. ती त्याची नातलग नाही. म्हणून तिने रडू नये, अशी जगाची समजूत आहे. चादर बदलली जाते आणि तासाभरात त्या खाटेवर दुसरा रुग्ण येतो.

तिसरी बोचणी. 'मी थोडी आधी पाहिले असते तर?' हा प्रश्न चांगल्या सेवकासच अधिक छळतो. अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट वू यांनी सन २००० मध्ये लिहिले की, उपचारात चूक घडली म्हणजे पहिला बळी रुग्ण होय, परंतु ज्याच्या हातून ती चूक घडली तो वैद्यही एक प्रकारे दुसरा बळी होतो. कारण लाज व भीती यांमुळे तो कोणापाशी बोलू शकत नाही. रुग्णाचे व त्याच्या कुटुंबाचे दुःख येथे पहिलेच राहते, हे विसरावयाचे नाही. परंतु चूक कबूल करण्यास जागाच नसेल, तर ती लपवली जाते, आणि लपवलेली चूक पुढच्या रुग्णास भोवते.

या सर्वांवर कोरोनाच्या काळी भय आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२० पासून मे २०२१ पर्यंत जगभर ८०,००० ते १,८०,००० आरोग्यसेवक त्या रोगाने मरण पावले असावेत. म्हणजे जे इतरांसाठी शोक करीत होते, त्यांस आपल्या सोबत्यांसाठीही शोक करावा लागला, आणि तोही काम न थांबवता.

३. मनाचे दार लावून घेतले तर काय होते?

पुष्कळांस वाटते की, यावर उपाय एकच: मन घट्ट करावे, रुग्णात गुंतू नये. हा उपाय फार जुना आहे, आणि त्याची परीक्षाही झालेली आहे.

लंडन येथील एका मोठ्या शिक्षण देणाऱ्या इस्पितळात परिचारिकांच्या शिक्षणाची व्यवस्था कोलमडू लागली होती. तेथील चालकांनी टॅव्हिस्टॉक संस्थेची मदत मागितली, आणि इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंनी तेथील कामाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा निबंध सन १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांस असे दिसून आले की, मरण, वेदना व मलमूत्र यांच्या नित्य सान्निध्याने परिचारिकांच्या मनात जी भीती उत्पन्न होते, ती जाणवू नये म्हणून त्या इस्पितळाने नकळत आपली सारी रीतभातच तशी बनवून टाकली होती.

ती कशी, ते पाहा. एका परिचारिकेने एका रुग्णाची सर्व सेवा करावी असे न करता, तिने तीस रुग्णांचे एकेकच काम करावे, म्हणजे कोणाशीही तिची जवळीक होऊ नये. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाटेच्या आकड्याने किंवा बिघडलेल्या अवयवाने व्हावा. परिचारिकेस आयत्या वेळी एका कक्षातून दुसऱ्या कक्षात पाठवावे, आणि चांगली परिचारिका असेल तर तिला त्याचे काही वाटू नये. कोणी विद्यार्थिनी व्याकूळ झाली तर तिला जवळ न घेता शिस्तीचे चार शब्द ऐकवावे. यात नवलाची गोष्ट ही की, वरिष्ठ परिचारिकांनाही त्या मुलींची कणव येत असे. परंतु ती दाखवणे त्यांच्या पदास शोभत नाही, असे त्या समजत.

याचा परिणाम काय झाला? भीती कमी झाली नाही. उलट, रुग्णाची पूर्ण सेवा करून त्यास बरे झालेले पाहण्याचा जो आनंद, जो या कामाचे खरे वेतन आहे, तोच नाहीसा झाला. त्या इस्पितळातील सुमारे एकतृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण पुरे न करताच निघून जात. आणि मेन्झीसबाईंनी खेदाने नमूद केले की, जाणाऱ्यांत चांगल्या मुलींचा भरणा मोठा होता.

वाचकहो, यातून आपण हा धडा घ्यावा: दुःख आत येऊ नये म्हणून जे दार आपण लावतो, त्याच दारातून करुणाही येत-जात असते. दार एकच आहे. ते लावले म्हणजे दोन्ही अडतात. कोरड्या आवाजात बोलणारी परिचारिका पाहून आपण तिला निर्दय म्हणतो. परंतु पुष्कळदा ती निर्दय नसते, तर तिने ते दार फार दिवसांपासून लावून घेतलेले असते.

मग दार सताड उघडे ठेवावे काय? तसेही नाही. प्रत्येक मरणाबरोबर जो कोसळून पडेल, त्याच्याने पुढच्या रुग्णाची सेवा होणार नाही. काम चालू असता मन आवरणे हे या धंद्याचे आवश्यक कौशल्य आहे. प्रश्न एवढाच आहे की, जे त्या घटकेस आवरून ठेवले, ते पुढे केव्हा, कोठे व कोणापाशी उघडावयाचे? म्हणजे दुःखास तीन गोष्टी लागतात: वेळ, जागा आणि सोबती.

४. वेळ

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स नावाचे परिचारक होते. एकदा रुग्ण वाचवण्याची पराकाष्ठा करूनही तो दगावला. अशा वेळी रीत अशी की, हातमोजे काढून टाकावयाचे आणि जो तो आपल्या पुढच्या कामास जावयाचा. परंतु त्या दिवशी रुग्णालयाच्या पाळकांनी सर्वांस क्षणभर थांबवले आणि मृतासाठी प्रार्थना केली. बार्टेल्स यांच्या मनावर त्याचा फार परिणाम झाला. परंतु चमूमध्ये नाना धर्मांची व काही कोणताच धर्म न मानणारीही माणसे असतात, हे ध्यानात घेऊन त्यांनी ती गोष्ट सर्वांस करता येईल अशी केली. मृत्यू जाहीर झाल्यावर कोणीतरी एकाने म्हणावयाचे की, हे कोणाचे तरी आप्त होते, यांच्यावर कोणाचे तरी प्रेम होते. आपण यांच्यासाठी आणि आपण केलेल्या प्रयत्नांसाठी थोडे थांबू. मग सर्वांनी सुमारे एक मिनिट निःशब्द उभे राहावयाचे, आणि नंतर कामास जावयाचे. सन २०१४ मध्ये त्यांनी याविषयी लिहिले, आणि पुढे दुसऱ्या अनेक इस्पितळांनी ही चाल उचलली.

एका मिनिटात काय होते, असे कोणी म्हणेल. शोक संपत नाही, हे खरे. परंतु मेला तो एक खाट-क्रमांक नव्हता, एक मनुष्य होता, आणि त्याच्यासाठी झटणारे आपण एकटे नव्हतो, या दोन गोष्टी तेवढ्या मिनिटात मान्य होतात. ज्या मरणास कोणी थांबलेच नाही, ते मरण घरापर्यंत पाठीस लागते.

५. जागा आणि सोबती

बोस्टन शहरी केनेथ श्वार्ट्झ नावाचे वकील होते. आरोग्यविषयक कायदा हाच त्यांचा व्यवसाय. सन १९९४ च्या नोव्हेंबरात, वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षी, त्यांस फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे कळले, आणि १९९५ च्या सप्टेंबरात ते वारले. आजारात त्यांनी एक लेख लिहून असे सांगितले की, औषधांइतकाच आपणांस परिचारिकांच्या व वैद्यांच्या लहानसहान मायेच्या कृतींनी आधार दिला. परंतु त्याबरोबर त्यांस हेही दिसले की, अशी माया करणारास तिची किंमत मोजावी लागते. म्हणून मृत्यूपूर्वी त्यांनी एक संस्था स्थापली, आणि सन १९९७ पासून मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल येथे एक विशेष बैठक सुरू झाली. तिला त्यांचेच नाव आहे.

ही बैठक बहुधा महिन्यातून एकदा, तासभर असते. तीत मोठे डॉक्टर, परिचारिका, सफाई करणारे, स्वागतकक्षातील कारकून, पाळक असे सर्व एकत्र बसतात. पुष्कळ ठिकाणी प्रथम काही खाणे देतात. मग तीन-चार जण एखाद्या रुग्णाची किंवा प्रसंगाची हकिकत थोडक्यात सांगतात. परंतु रोग काय होता व औषध काय दिले, हे नव्हे, तर त्या वेळी आपल्या मनास काय झाले, हे. नंतर इतर जण बोलतात. बैठकीचे दोन नियम आहेत. येथे ऐकलेले बाहेर नेऊन कोणाचे नाव घ्यावयाचे नाही. आणि कोणी कोणास उपाय सुचवावयाचा नाही. ज्या शल्यविशारदापुढे सारा कक्ष थरथरतो, त्याने सांगितलेले असते की, अमुक मुलाच्या मृत्यूनंतर आपण गाडीत बसून रडलो. आणि ते ऐकून नवख्या परिचारिकेस कळते की, रडू येणे हा आपला एकटीचा दुबळेपणा नव्हे.

सन २००९ मध्ये ही पद्धत इंग्लंडात आली. तेथे झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नियमित येणाऱ्यांत ज्यांचे मानसिक स्वास्थ्य ढळलेले होते, अशांचे प्रमाण शेकडा २५ वरून १२ वर आले. जे आले नाहीत त्यांच्यात फारसा फरक पडला नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. बोलणे हितकारक आहे, म्हणून कोणास बळेच बोलते करू नये. एखाद्या भयंकर घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सारे वदवून घेण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. तिच्या प्रयोगांचा एकत्र आढावा सन २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की, त्या रीतीने पुढचे मानसिक विकार टळत नाहीत, आणि तिची सक्ती बंद व्हावी. दार आतून उघडावे लागते. आपण बाहेर बसून राहावे, इतकेच आपल्या हाती आहे.

६. मुंबईच्या परिचारिका

सोबतीचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. मुंबईत परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानभाग ही तरुण परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका नोकराने तिच्यावर पाशवी हल्ला केला. तिचा मेंदू कायमचा दुखावला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी तिचा अंत झाला, तोपर्यंत सुमारे ४२ वर्षे ती त्याच रुग्णालयात अंथरुणास खिळून होती, आणि तेथील परिचारिकांनी तिची सेवा केली. ज्यांनी तिला कधी उभी पाहिली नव्हती, ज्यांचा जन्मही त्या घटनेपूर्वी झाला नव्हता, अशा मुलींनी तिला घास भरवले. इतक्या वर्षांत एका जागी पडून होणारी जखम तिच्या अंगावर झाली नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे नमूद झाली. तिचा अन्नपुरवठा थांबवून तिला मरू द्यावे, अशी विनंती त्या न्यायालयात आली, तेव्हा परिचारिकांनी तिला विरोध केला. आणि ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ती विनंती अमान्य करताना या सेवकांच्या म्हणण्यास मोठा मान दिला.

त्या निकालाविषयी वाचकांची मते निरनिराळी असू शकतील. परंतु आमच्या विषयापुरते पाहावयाचे ते हे: तेथे एका भगिनीचे दुःख कोणा एकीच्या गळ्यात पडले नाही. एका पिढीने ते दुसरीच्या हाती दिले, वाटून घेतले, आणि रोजच्या कामात त्यास जागा दिली. वाटून घेतलेले दुःख ४२ वर्षे वाहता येते. एकट्याने वाहिलेले ८ महिन्यांत कंबर मोडते, हे आम्ही आमच्या मंडळीत पाहिले.

७. गावची आशाताई

इस्पितळात निदान शेजारी दुसरी परिचारिका तरी असते. आपल्या गावच्या आशाताईस तेही नाही. सन २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हापासून सुमारे १,००० वस्तीस एक याप्रमाणे या भगिनी नेमल्या गेल्या. त्यांची संख्या १० लाखांवर आहे, आणि सन २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. नव्या बाळाच्या घरी ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी जाऊन त्यास वजन करून पाहणे, ऊब व दूध यांची चौकशी करणे, हे त्यांचे एक काम. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांकडून जी नवजात बालकांची सेवा घडवून दाखवली, तिच्यावरून हे काम देशभर गेले.

आता असे समजा की, ते बाळ विसाव्या दिवशी दगावले. आशाताईस ते मरण कागदावर लिहावे लागते. वरून विचारणा होते. गावात कुजबुज होते. आणि दुसऱ्या दिवशी तिला त्याच गल्लीतून, त्याच दारावरून पुढच्या घरी जावे लागते. त्या दारातील आई तिची शेजारीण असते, कदाचित मावसबहीणही. तिला कक्ष नाही, पाळी संपत नाही, आणि गणवेश उतरवला तरी ती आशाताईच राहते. आपल्या मंडळीत कोणी आशाताई असेल, तर हा परिच्छेद तिच्या घरी वाचून दाखवावा आणि तिला विचारावे की, यात आम्ही काय लिहावयाचे सोडले?

८. आता आपण काय करावे?

स्वतः सेवा करणारांनी. पाळी संपल्यावर घरी येण्यापूर्वी एक ठरलेली लहान कृती करावी: हातपाय धुणे, कपडे बदलणे, दोन मिनिटे झाडाखाली बसणे, ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी गेलेल्याचे नाव घेऊन प्रार्थना करणे. काम कोठे संपले हे मनास कळावे लागते. कामावरील एक सोबतीण निवडावी आणि एकमेकींस सांगण्याचा करार करावा. आशाताईंच्या मासिक सभेत शेवटची दहा मिनिटे याच कामासाठी मागून घ्यावी. तंबाखू, दारू किंवा झोपेच्या गोळ्या यांनी दुःख झोपी जाते, मरत नाही. ते अधिक भुकेले होऊन उठते.

घरच्यांनी. आल्याबरोबर हिशेब विचारू नये. 'तुला तर सवय असेल' हे वाक्य कधीही उच्चारू नये. सवय झाली असती तर ती चांगली परिचारिका राहिली नसती. रात्रपाळीनंतरची झोप घरातील सर्वांनी जपावी. आणि बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकणारा एक कान घरात आहे, हे तिला ठाऊक असावे.

पाळकांनी व मंडळीने. जे आम्ही केले नाही ते करावे. प्रथम विचारावे, मग ऐकावे, आणि उपदेश शेवटी करावा. पुष्कळदा तो करावाच लागत नाही. विश्वासणाऱ्याने रडू नये, अशी आपल्यात एक चुकीची समजूत आहे. बेथानी गावच्या कबरेपाशी आपल्या प्रभूनेही आपले अश्रू लपवले नाहीत, हे आम्ही दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी विसरतो. मंडळीच्या दुःखितांसाठीच्या प्रार्थनेत ज्यांचे आप्त वारले त्यांबरोबर ज्यांनी त्यांची सेवा केली त्यांसही आठवावे. सांगितलेली गोष्ट मात्र दुसऱ्या कानी जाऊ देऊ नये. नाही तर पुन्हा कोणी सांगणार नाही.

अधिकाऱ्यांनी. येथे स्पष्ट बोलले पाहिजे. जेथे दहा जणींचे काम चौघींवर टाकले आहे, वेतन महिनोन्महिने थकले आहे, आणि मारहाणीपासून संरक्षण नाही, तेथे मौनाचे मिनिट व दुःखाची बैठक यांनी भागावयाचे नाही. तेथे माणसे, पगार व रजा हेच पहिले औषध होय. सांत्वनाच्या गोड शब्दांनी अन्याय झाकू नये.

आणि एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. दोन आठवड्यांवर झोप नाही, अन्नावर वासना नाही, तोच प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येतो, किंवा जगणे नको असे शब्द तोंडातून निघतात, तर ते केवळ दुःख नसून आजारही असू शकतो. त्यास वैद्याची गरज आहे. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा सन २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते, आणि मराठीतही. तापात औषध घेणे जसे लाजेचे नाही, तसेच हेही नाही.

९. चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या मंडळीत आजाऱ्यांच्या सेवेत असणारे किती जण आहेत? त्यांची नावे लिहून काढा. सफाई करणारे व रुग्णवाहिका चालवणारे यांस विसरू नका.

(२) श्रम, शोक आणि बोचणी यांतील भेद आपल्या ओळखीच्या उदाहरणावरून सांगा.

(३) लंडनच्या इस्पितळातील कोणत्या रीती आपल्या घरात किंवा मंडळीत, निराळ्या रूपाने, आपण पाळतो?

(४) 'धीर धर' असे म्हणणे केव्हा आधाराचे होते आणि केव्हा दार लावण्यासारखे होते?

(५) येत्या महिन्यात आपल्या गावच्या आशाताईसाठी मंडळी कोणती एक गोष्ट करील?

शेवटी, ज्या भगिनीच्या हकिकतीने हा पाठ सुरू झाला तिच्याविषयी. तिने नोकरी सोडली नाही. काही दिवसांची रजा घेतली, वैद्याचा सल्ला घेतला, आणि आता ती दुसऱ्या कक्षात काम करते. तिचे दुःख नाहीसे झाले, असे आम्ही लिहिणार नाही. ती स्वतःही तसे म्हणत नाही. गेल्या वर्षी त्या आजीच्या मृत्यूच्या तारखेस तिने आम्हांस बोलावले. आम्ही त्याच ओसरीवर बसलो. या वेळी आम्ही काही सांगितले नाही. तिने आजीचे नाव घेतले, आणि आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प राहिलो. मग तिच्या आईने चहा आणला.